दातावर दात

विमला: नाही, डोळे मिटणार नाही. आधी एक सांगा, त्या कागदावर मी वेडी आहे असं लिहिलंय का?

संघमित्रा: काकी, असं काही नाही लिहिलेलं. हा बघा कागद. विमला तावडे, वय एकसष्ट. नागिणीनंतरचं नसांचं दुखणं, डावी बाजू, दोन वर्षं. एवढंच.

विमला: मग मला इकडे कशाला पाठवलं? वर ते मोठे डॉक्टर बसतात ना, ते म्हणाले, गोळ्या याच्यापुढे वाढवता येत नाहीत, चक्कर येऊन पडाल. आता खाली जा, ध्यान शिका. ध्यान! माझ्या बरगड्यांत आग लागलीय आणि हे म्हणतात ध्यान करा. आग लागल्यावर कोणी ध्यान करतं का?

संघमित्रा: नाही करत.

विमला: मग?

संघमित्रा: मी फिजिओथेरपिस्ट आहे. संघमित्रा. दुखणाऱ्या माणसांबरोबरच काम करते, आठ वर्षं झाली. दुखणं तुमच्या मनाचा खेळ आहे असं मी एकदाही म्हणणार नाही. म्हटलं तर उठून जा.

धाकू: म्याडम, मी सांगतंय तुमका. हिचो स्वभावच तसो. पयल्यापासून घाबरट. जरा काय झालां की...

संघमित्रा: तुम्ही?

धाकू: मी हिचो नवरो. धाकू तावडे. कांदिवलीसून रिक्षा करून इलाव. तिका नीट सांगूक येणा नाय, म्हणान मी बोलतंय.

विमला: येतं मला सांगायला.

संघमित्रा: काकीच सांगतील, काका. सांगा.

विमला: इथून. डाव्या छातीच्या खालून निघतं, काखेखालून मागे, थेट मणक्यापर्यंत. चार बोटं रुंद पट्टा. तव्यावरून हात उचलायला उशीर झाला की कसं होतं, तसं. पण तवा सुटतो, हे सुटत नाही. पंख्याचं वारं लागलं तरी अंगावर काटा येतो. मी बत्तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, बाई. अख्ख्या कॉलनीतल्या बायकांचे. आणि स्वतः ब्लाऊज घालू शकत नाही. खालची पट्टी बरोब्बर तिथेच बसते. ह्यांचा जुना मलमलचा सदरा घालून घरात फिरते. पुतणीचं लग्न झालं मागच्या मे महिन्यात, मी गेले नाही. काय घालून जाणार? सदरा?

धाकू: चल म्हटलेलंय मी. एक दीस सोसूक काय झालां असतां?

विमला: ऐकलंत?

संघमित्रा: ऐकलं. काकी, मी आधीच स्पष्ट सांगते. हे दुखणं मी घालवू शकत नाही.

विमला: घ्या! मग बोलावलंत कशाला? परत जायच्या रिक्षाला रांग किती आहे बाहेर, बघितलीत?

संघमित्रा: दुखण्याच्या आजूबाजूला जे जमलंय ना, त्याच्याशी थोडं काहीतरी करता येतं. कदाचित. दहा मिनिटं द्या. डोळे उघडेच ठेवा. दुखतंय तिथे आज बघायचंच नाही. उजव्या पायाच्या अंगठ्यात आत्ता काय आहे?

विमला: नख आहे.

संघमित्रा: बरं. अजून?

विमला: अजून काय असणार? चप्पल घट्ट आहे.

संघमित्रा: गरम वाटतोय की गार?

विमला: गार. एसी केवढा लावलाय तुम्ही.

संघमित्रा: दुखतोय?

विमला: त्याला काय धाड भरलीय?

संघमित्रा: म्हणजे नाही दुखत. आता तळवा. टाच. पोटरी. घाई नको. प्रत्येक ठिकाणी फक्त जायचं, काय आहे ते बघायचं आणि पुढे निघायचं. चांगलं वाटलं पाहिजे असं काही नाही.

विमला: पोटरी ठणकतेय थोडी. गुडघा... गुडघा बरा आहे. मला वाटलं गुडघा गेला माझा.

संघमित्रा: मांडी. आता हात. उजवा तळहात.

विमला: ऊबदार आहे.

संघमित्रा: आता डावा खांदा. तो कुठे आहे?

विमला: कुठे म्हणजे? खांद्याच्या जागी.

संघमित्रा: तुमच्या कानाला टेकलाय, काकी.

विमला: ...हो की.

संघमित्रा: खाली सोडायचा असेल तर सोडा, नसेल तर नका. आणि जबडा?

विमला: दातावर दात आहेत.

संघमित्रा: कधीपासून?

विमला: काय माहीत. दोन वर्षं असतील.

संघमित्रा: हे बघा, नस जळते ते एक दुखणं. आणि ते आता वाढणार म्हणून सगळं अंग जे आवळून बसतं, ते दुसरं. पहिलं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. दुसऱ्याचं बघू.

धाकू: म्हणजे ह्यां विपश्यनाच झाली. आमच्या बाजूच्या बिल्डिंगीतले ते लोक जातत, दहा-दहा दीस गप बसतत. म्याडम, तुमचां आडनाव काय?

संघमित्रा: कांबळे.

धाकू: हां. म्हणजे तुमच्यातलांच तां.

विमला: अहो!

संघमित्रा: राहू द्या, काकी. हो काका, आमच्यातलंच. माझे बाबा घाटकोपरला रमाबाई कॉलनीत राहायचे, पोस्टात होते. गोराईला जाऊन बसायचे शिबिराला. लहानपणी मी त्यांना म्हटलं होतं, बाबा, वेदना घालवायला जाता का? ते म्हणाले, पाली भाषेत वेदना म्हणजे नुसतं जाणवणं गं. गोड असलं तरी वेदना, कडू असलं तरी वेदना. इथे मी जे शिकवते त्यात धर्म नाही, पण ते एक वाक्य त्यांचं आहे. आणि काकी, बरं झालं काकांनी विचारलं. बघा आता. त्यांनी आडनाव विचारलं तेव्हा माझ्या पोटात इथे मूठ वळली. कान तापले. राग आला. अजून आहे, गेलेला नाही. पण मूठ वळलीय हे मला दिसलं, म्हणून तोंडातून जे निघणार होतं ते निघालं नाही. त्याच्याऐवजी मी दुसरं बोलू शकते. काका, तुम्ही बाहेर बसा.

धाकू: मी वायट कायव बोलूक नाय.

संघमित्रा: बाहेर बाकडं आहे. पाण्याचा कूलर पण आहे.

धाकू: बसतंय. माका काय. विमल, लवकर आवर.

विमला: ...माफ करा हं. ह्यांच्या जिभेला हाड नाही.

संघमित्रा: त्यांच्यासाठी तुम्ही का माफी मागता? खांदा बघा तुमचा. परत वर गेला.

विमला: अगं बाई. हो.

संघमित्रा: रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. पायापासून वर. दुखण्यापाशी आलात की त्याच्या कडेकडेने जायचं, मधे उडी मारायची नाही. आणि दुखणं किती, शून्य ते दहा, ते लिहून ठेवायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

विमला: एक विचारू? मला वाटायचं, ध्यान शिकवणाऱ्या बाईला राग येत नसेल.

संघमित्रा: येतो की. मुंबईत राहते.

*

विमला: गेलं चुलीत तुमचं ते ध्यान. आज तीन आठवडे झाले, संघमित्रा. रोज दोनदा केलं, एक दिवस चुकवला नाही. आणि काय? दुखतंय ते दुखतंयच.

संघमित्रा: एकट्याच आलात आज?

विमला: मुद्दाम. ह्यांना सांगितलं, ब्लाऊजपीस आणायला जातेय. खोटं बोलून यावं लागतं ध्यानाला, बघा म्हणजे.

संघमित्रा: आकडे लिहिलेत?

विमला: मशीनच्या फळीवर खडूने लिहिते, मग मोबाईलवर फोटो काढते. हे बघा. सकाळी पाच. दुपारी पाच. कधी सहा. परवा दुपारी काय झालं, त्या शेजारच्या मुलीच्या ब्लाऊजला बाही लावत होते. बाही नीट बसत नव्हती, दोनदा उसवली. आणि मग घड्याळात बघितलं तर पाऊण तास झालेला. त्या पाऊण तासात मला दुखणं आठवलंच नाही.

संघमित्रा: मग?

विमला: मग काय, चिडले. म्हटलं, असं होतं तर दोन वर्षं का नाही झालं?

संघमित्रा: रास्त आहे. हे संध्याकाळचे आकडे काय आहेत? आठ, आठ, साडेआठ, आठ. रोज?

विमला: रोज. साडेसहाला.

संघमित्रा: रविवारी चार लिहिलंय.

विमला: रविवारी हे विरारला गेले होते, मित्राकडे.

संघमित्रा: आणि एरवी साडेसहाला काय होतं?

विमला: हे घरी येतात. खाली बागेत पत्ते खेळत बसतात, मग येतात.

संघमित्रा: येऊन काय करतात?

विमला: काही नाही करत. मारत-बिरत नाहीत, तसं काही समजू नका. दारात चपला काढतात आणि विचारतात, कसां वाटता गो आज? बस. आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय, नवरा चौकशी करतो.

संघमित्रा: मी काही म्हटलं नाही. तो प्रश्न कानावर पडल्यावर अंगात काय होतं?

विमला: जबडा. आधी जबडा. मग हा खांदा वर. मग श्वास इथेच अडकतो, गळ्याशी. आणि मग तो पट्टा पेटतो. अगदी ह्याच क्रमाने. तुम्ही कडेकडेने बघायला सांगितलंत म्हणून दिसलं. आधी मला वाटायचं, संध्याकाळ झाली की वाढतं. पण संध्याकाळमुळे नाही वाढत ते, ह्यांच्यामुळे वाढतं.

संघमित्रा: सांगावंसं वाटत असेल तर सांगा. नाहीतर आपण पायापासून सुरू करू.

विमला: पाय राहू दे. सोमवार होता. रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, बरगडीखाली जळजळतंय, बारीक पुरळ आलंय. म्हणाले, घामोळां आसतला. मंगळवारी फोड आले, ओळीने. माझी मुलगी अपूर्वा पुण्याला असते, तिला फोटो पाठवला. ती फोनवर ओरडली, आई, ही नागीण आहे, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. ह्यांनी फोन घेतला माझ्या हातातून. म्हणाले, नागिणीक डॉक्टराचां औषध लागणा नाय, आमच्या घराण्यात सगळ्यांची गेरून गेली. नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस मरतो म्हणतात ना? म्हणून आधी तोंड बांधायचं म्हणे. एका बाईकडे नेलं मला गेरू लावायला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. ती बाई बोटाने गेरूचं रिंगण काढायची आणि फुंकर मारायची. आणि मी तिथे बसून दात खात होते.

संघमित्रा: आणि डॉक्टर?

विमला: शुक्रवारी अपूर्वा आली आणि मला उचलून घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्या होत्या, उशीर केलात. हे तिथेच उभे होते. ऐकलं त्यांनी.

संघमित्रा: काकी, एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. गोळ्या वेळेत मिळाल्या असत्या तर त्या दिवसांतला त्रास नक्की कमी झाला असता. पण हे दुखणं मागे राहिलंच नसतं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वेळेत औषध घेऊनही काहींना राहतं.

विमला: म्हणजे तुम्ही पण त्यांच्याच बाजूच्या!

संघमित्रा: नाही.

विमला: नाही कसं? सगळ्यांना तेच पाहिजे. असंच होणार होतं, तुमच्या नशिबात होतं, शिका जगायला! मी इथे येते, पायाचे अंगठे मोजते, आणि तुम्ही मला सांगता त्यांची चूकच नाही?

संघमित्रा: चूक होती. तीन दिवस फुकट गेले ही चूकच. तिच्यामुळेच आजचं दुखणं आहे की नाही, एवढंच मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी माहीत आहे म्हणून सांगणार नाही.

विमला: चुकीचं मला काही वाटत नाही हो. माणूस चुकतो. अडाणीपणाने केलं, घाबरून केलं, सोडून दिलं असतं मी.

संघमित्रा: मग?

विमला: त्यानंतर पंधरा दिवसांनी ह्यांची बहीण आली मुलुंडहून, कुंदाताई. विचारलं, असं कसं एवढं वाढलं? आणि हे म्हणाले, हिणा चार दीस कोणाक सांगूकच नाय. लपवन ठेवल्यान. मी आत चहा करत होते. चमचा हातात तसाच राहिला. मग ते सगळीकडे तेच. व्याह्यांकडे तेच, बिल्डिंगीत तेच, गावाला फोनवर तेच. आता मला वाटतं, त्यांना स्वतःलाही तेच खरं वाटतं. गणपतीत कुंदाताई बारा माणसांसमोर मला म्हणाल्या, वयनी, स्वतःच्या निष्काळजीपणान दुखणां ओढवन घेतलास. आणि मी हसले, संघमित्रा. मी मोदकांचं ताट पुढे केलं आणि हसले. दोन वर्षं रोज साडेसहाला तो माणूस मला विचारतो, कसां वाटता. आणि मी म्हणते, बरं आहे.

संघमित्रा: ऐकतेय मी.

विमला: बोला काहीतरी. आता म्हणा, माफ करून टाका, मन हलकं होईल. श्वासाबरोबर राग सोडून द्या. मोबाईलवर त्या सगळ्या बायका असंच सांगतात, मागे बासरी लावून.

संघमित्रा: नाही म्हणणार. माफ करायचं की नाही, हे माझं काम नाही. त्यांना सांगा असं मी म्हणत नाही आणि सांगू नका असंही नाही. मी एवढंच विचारते, तो राग दाबून ठेवायला तुम्ही अंगातला कुठला कुठला भाग वापरता?

विमला: जबडा. खांदा. गळा.

संघमित्रा: आणि तो भाग कशाला चिकटून आहे?

विमला: ...पट्ट्याला.

संघमित्रा: पुढच्या बुधवारी या. आणि खोटं सांगून येऊ नका, त्यात पण खांदा वर जातो.

*

धाकू: दार उघडांच? कसां वाटता गो आज?

विमला: आठ.

धाकू: काय आठ?

विमला: दहापैकी आठ. कसं वाटतं विचारलंत ना, आठ वाटतं. चपला काढा आणि बसा त्या खुर्चीवर. टीव्ही लावू नका.

धाकू: चाय टाकूक नाय?

विमला: चहा नंतर. मी काल ब्लाऊजपीस आणायला गेले नव्हते, त्या कांबळे मॅडमकडे गेले होते. खोटं बोलले. आता तुम्ही सांगा. नागीण उठली तेव्हा मी तुम्हाला कधी सांगितलं?

धाकू: आता तां कित्याक? दोन वर्सां झाली.

विमला: कधी सांगितलं?

धाकू: माका काय तारीख पाठ आसा? तूच उशिरान सांगलंस. म्हणान तर...

विमला: थांबा. एक मिनिट थांबा. जबडा आवळला माझा.

धाकू: काय झालां? पाणी देव?

विमला: नको. गप्प बसा जरा. ...हां. ...आता बोलते. सोमवारी रात्री. भेंडीची भाजी होती. मी म्हटलं जळजळतंय, तुम्ही म्हणालात घामोळं. बरोबर की चूक?

धाकू: त्या बायन तुका भडकयल्यान. माका म्हायत होतां. तिचां तेवाच माका...

विमला: तिचं नाव काढू नका. त्या दिवशी तुम्ही तिला जे बोललात त्याची मला आजपर्यंत लाज वाटते. तिने मला दात सोडायला शिकवलं, दुसरं काही नाही. दात सुटले की तोंड उघडतं, त्याला मी काय करू? बरोबर की चूक?

धाकू: आवाज खाली कर. शेजारी ऐकतत.

विमला: ऐकू देत! शेजाऱ्यांना तुम्हीच सांगितलंत ना मी लपवलं म्हणून? आता हेही ऐकू देत. सोमवारी रात्री सांगितलं. मंगळवारी अपूर्वाने सांगितलं. तुम्ही फोन ओढून घेतलात. बरोबर की चूक?

धाकू: ...बरोबर.

विमला: मोठ्याने.

धाकू: बरोबर म्हटलंय ना! काय करू आता? पाया पडू तुझ्या?

विमला: पाया पडून काय होणार? का केलंत ते सांगा. डॉक्टरकडे का नाही नेलंत ते नाही. ते मला कळतं. खोटं का बोललात?

धाकू: तुका नाय कळाचां.

विमला: बत्तीस वर्षं मशीन चालवून घर चालवलं, दोन पोरांची शिक्षणं केली. तुमची गिरणी बंद पडली तेव्हा तुमच्या आईला इथे आणून सांभाळली. आणि मला नाही कळणार?

धाकू: सीताराम म्हायत आसा तुका.

विमला: तुमचा भाऊ. लहानपणी गेला तो.

धाकू: साधो ताप होतो. बापाशीन हास्पिटलात नेल्यान आणि तो परत येवक नाय. मी नऊ वर्सांचो. मगे बापाशीक नागीण झाली तेवा आवशीन सांगल्यान, हास्पिटल नको. गेरू लावल्यान, बरो झालो. माझ्या डोक्यात तांच बसलां. तुका फोड दिसले आणि मी भियालंय. तुका हास्पिटलात नेलां आणि तू पण परत इलंस नाय तर? गेरू म्हटला की माका जरा धीर इलो.

विमला: मग शुक्रवारी?

धाकू: शुक्रवारी तो डॉक्टर बोललो, बहात्तर तास. आणि माका वाटलां, मीच केलंय ह्यां. मीच. घराक येवन मी मोरीत जावन उभो रवलंय, नळ सोडून. मगे कुंदान विचारल्यान. आणि तोंडातसून निघान गेलां. एकदा निघालां, मगे परत घेवक येना नाय. दुसऱ्यान विचारल्यान, तिसऱ्यान विचारल्यान...

विमला: भ्यालात तर भ्यालो म्हणायचं. मी ऐकलं असतं. तुमची भीती होती ना? मग ती माझ्या अंगावर का टाकलीत? मी काय गुन्हा केला होता? आजारी मी, उपाशी झोपले मी, उघड्या पाठीने भिंतीला टेकून रात्री काढल्या मी, आणि निष्काळजी पण मीच?

धाकू: चुकलां माझां.

विमला: नुसतं मला सांगून नाही चालणार. मला माहीतच आहे ते.

धाकू: मगे?

विमला: फोन लावा कुंदाताईंना. स्पीकरवर.

धाकू: आता?

विमला: आता. मी चहा करायला आत जाणार नाही. इथेच बसणार आहे.

धाकू: रिंग वाजता.

कुंदा: हॅलो? दादा? काय रे, ह्या वक्ताक?

धाकू: कुंदा. विमल हंय आसा. फोन स्पीकरवर आसा.

कुंदा: वयनी बरी आसा मां?

धाकू: बरी नाय. दुखता तिका. तेच्यासाठीच... तुका मी सांगलेलंय ना, हिणा चार दीस नागीण लपवन ठेवल्यान म्हणान.

कुंदा: हां. मगे?

धाकू: तसां नाय तां. हिणा पयल्या रातीच माका सांगलेल्यान. मीच डॉक्टराकडे नेवक नाय. अपूर्वान फोन केल्यान, तरी नेवक नाय. गेरू लावत बसलंय.

कुंदा: रे दादा...

धाकू: खोटां बोललंय मी. तुका, आणि सगळ्यांकाच.

कुंदा: आणि गणपतीत मी वयनीक बोललंय, सगळ्यांदेखत! तेवा तू बाजूकच बसलेलंस. माका एक शब्दान थांबवलंस नाय?

धाकू: नाय.

कुंदा: वयनी, ऐकतास मां? तुमी तरी बोलाचां ना ओ. इतकी वर्सां गप कशाक रवलात?

विमला: बोलले असते तर तुम्ही कोणाचं ऐकलं असतंत, कुंदाताई?

कुंदा: ...खरां सांगू? दादाचां.

विमला: म्हणून.

कुंदा: मी उद्या येतंय थंय. तुमच्याशी माका बोलूक होयां.

विमला: उद्या नको. रागावू नका, पण सध्या मला कोणी घरी यायला नको आहे. मी बोलवेन तेव्हा या. आणि ज्यांच्यासमोर बोललात ना गणपतीत, त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगत बसणार.

कुंदा: सांगतंय. आजच सांगतंय. दादा, तुझ्याशी माका मगे बोलाचां आसा. ठेव फोन.

धाकू: ठेवल्यान तिणा. ...झालां?

विमला: झालं.

धाकू: आता कमी झालां?

विमला: काय?

धाकू: दुखणां.

विमला: नाही.

धाकू: जरा पण नाय?

विमला: साडेसात असेल. श्वास खालपर्यंत जातोय, एवढंच.

धाकू: मगे कित्याक करूक लावलंस माका ह्यां सगळां?

विमला: दुखणं जावं म्हणून नाही लावलं. ते माझ्याबरोबर राहणारच आहे, त्याचं मी बघतेय. तुम्ही खोटं बोलला होतात म्हणून लावलं.

धाकू: रागावलंस तू.

विमला: दोन वर्षं रागावलेय. तुम्हाला आज कळलं. अजून बरेच दिवस राहीन, घाई करू नका.

(खालून बागेतल्या पोरांचा आरडाओरडा ऐकू येतो.)

धाकू: विमल.

विमला: काय?

धाकू: माझ्याशी बोलतलंस मां पण?

विमला: मग आत्ता काय करतेय?